ऊन दाखवलेल्या तबकड्या

आमच्या आईला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे अण्णांचं ठरलेलं वाक्य. पाहुणे आले, प्लेयर लावला आणि चहा देऊन झाल्यावर आई उंबऱ्यात जरा रेंगाळली, की वडील हे तिच्या देखत म्हणायचे आणि पाहुणे हसायचे. अण्णांना स्वतःला गाण्यातलं किती कळत होतं, हे त्या घरात कधी कुणी विचारलं नाही. मी आता विचारीन म्हणते, पण उत्तर द्यायला ते नाहीत. आई मुंढव्याच्या पलीकडच्या मळ्यातली, 'आहे'ला 'हाय' म्हणणारी. अण्णाही मूळचे तिकडचेच, पण त्यांना लहानपणी शिकायला पुण्यात मावशीकडे ठेवलेलं. शाळेत छड्या खाऊन त्यांनी 'हाय'चं 'आहे' करून घेतलं होतं, आणि छड्या खाऊन मिळवलेली गोष्ट माणूस जरा जास्तच मिरवतो. रास्ता पेठेत एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. गॅलरी सामायिक, नळ सामायिक, वरची गच्ची सामायिक. भिंतीही जवळजवळ सामायिकच म्हणायच्या, कारण पलीकडे कुणी शिंकलं तर इकडून 'शतंजीव' म्हणता यायचं.

पलीकडे राहायची शमीमचाची. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे चाचांचं, बुधवार पेठेत रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि आमचा जुना प्लेयरही त्यांच्याच ओळखीतून आलेला. अण्णांनी प्लेयरबरोबर एक अभंगांची आणि एक नाट्यगीतांची रेकॉर्ड घेतली आणि तेवढ्यावर त्यांची हौस फिटली. चाचीकडे मात्र लाकडी पेटी भरून तबकड्या. सोलापूरला तिच्या वडिलांना गाण्याचा नाद होता. त्यांनी लेकीच्या लग्नात भांड्यांबरोबर ही पेटीही दिली. "बाकीच्या माहेरहून पितळ आणतात वहिनी, मी हे काळं पितळ आणलं," असं ती आईला सांगायची. त्या तबकड्यांवर कोण कोण गात होतं, ती नावं मी इथे लिहिणार नाही. नावं लिहिली की पुण्यातले वाचणारे गोष्ट बाजूला ठेवतात आणि घराण्यांवरून भांडत बसतात.

दुपारी अण्णा कचेरीत, चाचा दुकानात. माझं कॉलेज सकाळचं, त्यामुळे मी घरी. जेवणं आटोपून, भांडी घासून, ओटा पुसून, नळाला पाणी यायच्या आत जो वेळ सापडायचा तो या दोघींचा. चाची पदराखाली तबकडी झाकून यायची, गॅलरीत धूळ फार म्हणून. पहिल्यांदा आणली तेव्हा तिनं आईला शिकवलं, "मधे बोट लावायचं नाही वहिनी. दोन्ही तळहातांनी कडेनं धरायची." आई म्हणाली, "म्हंजे भाकरी उचलती तशी," आणि अशी अलगद उचलली की चाची बघतच राहिली. मी एवढी शिकलेली, पण माझ्या हाताचे ठसे उमटायचे. आईचे कधी उमटले नाहीत. सुई टेकली की आधी थोडी खरखर यायची, कढईत मोहरी टाकायच्या आधी तेल करतं तशी, आणि मग गाणं सुरू व्हायचं. आई भिंतीला टेकून, पाय पसरून, मांडीवर शेंगांचं सूप घेऊन बसायची. शेंगा फोडणं थांबलं की समजायचं, आवडलं.

आणि बोलायची काय! एका बाईंची ठुमरी होती, चाचीची सर्वांत लाडकी. ती पहिल्यांदा ऐकून आई म्हणाली, "ही बाई रुसलीया खरी, पर दार उघडं ठिवून रुसलीया." चाचीनं टाळी दिली. ठुमरीवर जाडजाड लेख मी पुढे वाचले, पण याच्या पुढचं त्यांत काही नव्हतं. एका नामांकित बुवांच्या तबकडीवर मात्र तिचा राग. "ह्यो माणूस लई फिरिवतोय. बैल पान्यावर न्यायचा तर सरळ न्यावा की." चाची हसून हसून आडवी व्हायची. तिचं हसणं मोठं होतं, छातीतून यायचं, खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. आई त्या हसण्यासाठी मुद्दाम काहीबाही बोलायची, हे माझ्या लक्षात आलं होतं. आमच्या घरात आईच्या बोलण्यावर लोक हसायचे ते वेगळं आणि हे वेगळं. त्या इमारतीत आईला खुळी न समजता हसणारं माणूस ते एकच.

तबकडी कधी कधी दोन-चार दिवस आमच्याकडेच राहायची. परत करताना आईची अडचण व्हायची. कुणाच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही ही आमच्याकडची रीत. काही नसलं तर निदान चिमूटभर साखर घालायची. तबकडीत काय घालणार? मग तबकडीवर वाटी ठेवून पाठवायची. कधी लसणाचा ठेचा, कधी मेथकूट, कधी तिळाची पोळी. चाची म्हणाली, "अहो वहिनी, रेकॉर्ड थोडीच रिकामी असते? ती भरलेलीच असते." आई म्हणाली, "भरल्याली हाय म्हनूनच. भरल्यालं घ्यायचं आन् रिकामं द्यायचं व्हय?" मग चाचीकडून सोलापूरची शेंगाचटणी आणि नवी तबकडी. असं ते चाललं होतं. इकडून ठेचा, तिकडून ठुमरी. त्या दिवसांत आमची आई गॅलरीतून चालताना गुणगुणायची. मी त्याआधी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

हल्ली कोथरूडला आमच्या नातवाला हा नाद लागलाय. जुन्या ध्वनिमुद्रणांवरून नव्यानं काढलेल्या जाडजूड तबकड्या येतात, त्या तो मागवतो. खोका उघडायच्या आधी साबणानं हात धुतो, ब्रश फिरवतो, सुईचं वजन बघतो. "आजी, लांबून बघ हं." आवाज सुरेख येतो, नाही म्हणणार नाही, गाणारीनं श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येतो. त्याचा एक ग्रुप आहे, तिथे सगळे आपापल्या आवडत्या तबकड्या एकमेकांना 'शेअर' करतात. म्हणजे वेष्टनांचे फोटो पाठवतात. मी विचारलं, "अरे, पण ऐकायला देता का एकमेकांना?" तो दचकलाच. "आजी, रेकॉर्ड कुणी देतं का?"

देतं, बाबा. पेटीच्या पेटी देतं. त्या उन्हाळ्यात चाचीची आई आजारी पडली आणि चाचीला सोलापूरला जावं लागलं. घरमालकानं नेमकी तेव्हाच त्यांची भिंत उकरायला काढलेली, कारण तिला मोरीच्या बाजूनं ओल यायची. घरात चुन्या-मातीचा राडा होणार म्हणून चाची पेटी घेऊन आमच्याकडे आली. आईच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "वहिनी, माझं माहेर आहे हे. तुमच्याकडे ठेवून चालले." आईनं पेटीला हळदकुंकू लावायचंच बाकी ठेवलं. पलंगाखाली नको, उंदीर. फळीवर नको, पडेल. शेवटी कपाटातल्या स्वतःच्या साड्या बाहेर काढून तिथे ठेवली. दुसऱ्या दिवशी सहज उघडून बघते तर कुबट वास. ओलीच्या भिंतीला लागून राहिलेली पेटी. वेष्टनांवर पांढरी बुरशी आली होती. आईचा जीव खालीवर. "मंगे, पोरीच्या माहेराला बुरशी चढली गं."

बुरशीला आमच्याकडे एकच औषध. मे महिना म्हणजे गच्चीवर कुरडया, सांडगे, वर्षाच्या मिरच्या, गाद्या, डाळी, जे जे वर्षभर टिकवायचं त्याला पावसाआधी ऊन दाखवायचं. ऊन दाखवलं की किडत नाही, कुबत नाही. माझ्या आजीनं आईला हेच शिकवलं आणि आईनं मला. मी त्या दिवशी परीक्षेच्या निकालाला कॉलेजात गेले होते. आईनं गच्ची झाडून घेतली, धुतलेली जुनी नऊवारी अंथरली, आणि एकेक तबकडी वेष्टनातून काढून, कडेनं धरून, एकमेकींना लागू न देता उन्हात मांडली. वेष्टनं वेगळी, त्यांना सावलीत, रंग उडू नये म्हणून. आणि कावळे यायला लागले म्हणून डोक्यावर पदर घेऊन, हातात काठी घेऊन, भर उन्हात ती तिथेच बसली. मी आले तेव्हा ती लालबुंद होऊन कावळे हाकलत होती. माझ्याकडे बघून समाधानानं म्हणाली, "वास गेला बघ सगळा."

वास गेला होता. तबकड्याही गेल्या होत्या. काठ वर उचललेले, मधे पोक आलेलं, एकही सपाट नाही. मी "आई!" म्हणून ओरडले तर ती म्हणाली, "वाईच वाकल्यात, गार झाल्या की बसत्याल." आम्ही त्या खाली आणल्या, पाटाखाली ठेवल्या, वर पाटा-वरवंटा ठेवला. संध्याकाळी मी ती ठुमरी लावून पाहिली. सुई चढायची, घसरायची, बाईंचा आवाज बुडायचा, वर यायचा, मग एकदम पुढे उडी. आई ऐकत उभी होती. "बंद कर," म्हणाली. मग खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मी आईला इतकं रडताना फक्त आजोबा गेले तेव्हा पाहिलं होतं.

अण्णा घरी आले, सगळं ऐकलं, एक तबकडी उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, "वा! पापड उत्तम झालेत. आता तळा. आमटीबरोबर बरे लागतील." मग स्वतःच हसले. वाईट माणूस नव्हते हो. पण पुण्यात काही माणसांना एखादं वाक्य सुचलं की ते गिळता येत नाही, मग समोरच्याचं काही का होईना. ते वाक्य दुसऱ्या दिवशी नळावर गेलं, तिथून खालच्या मजल्यावर. पोरं आईला बघून "काकू, तबकडीचा पापड" म्हणायला लागली. अण्णांनी गॅलरीत चाचांनाही रंगवून सांगितलं, कावळ्यांसकट. चाचांचा चेहरा आधी पडला, मग अण्णांच्या सांगण्यावर तेही हसले. आई आतून म्हणाली, "हसू द्या. मानसं हसत्यात. शमीम आली की मी तिला सांगीन, माज्या तोंडानं." त्या एका गोष्टीवर तिनं ते दिवस काढले. रोज भाजी निवडताना पुटपुटायची, काय बोलायचं त्याची जुळवाजुळव करत. "म्हनीन, पोरी, मला ठावं न्हवतं. म्हनीन, तुजं माहेर म्या..." आणि तिथे अडायची.

चाची आली त्या दुपारी आईनं तबकड्या त्याच नऊवारीत बांधल्या, तोंड धुतलं, कुंकू लावलं आणि मला म्हणाली, "चल संगं." आम्ही गॅलरीतून गेलो. चाचा त्या दिवशी दुकानात गेले नव्हते. दाराला पडदा होता आणि आतून त्यांचा आवाज येत होता, "...आणि वहिनी काठी घेऊन, कावळ्यांना हुश्श हुश्श! अण्णा म्हणाले, आता तळा!" आणि मग चाचीचं हसणं. तेच ते, छातीतून येणारं. थांबेचना.

आई पडद्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिच्या तोंडावरचा रंग उतरत गेला, तो मी बघितला. तिनं गाठोडं माझ्या हातात दिलं. "तू दे जा," म्हणाली आणि मागे वळून घरात गेली. मी आत गेले. चाचीनं गाठोडं सोडलं, वरची तबकडी हातात घेतली आणि तिचं तोंड एवढंसं झालं. पण लगेच म्हणाली, "वहिनी कुठे आहेत? पाठव ना त्यांना." मी घरी येऊन निरोप दिला. आई परातीत पीठ घेऊन बसली होती. म्हणाली, "सगळी हसली तरी मला काय न्हाई वाटलं गं. तिनं हसायला नगं हुतं."

मी किती समजावलं. "अगं, हसू आलं असेल, एकदा जा तरी." "जाती की," म्हणायची आणि जायची नाही. चाची एकदा आमच्या दारात आली. आईनं आतूनच सांगितलं, "हात भरल्यात." चाची उंबऱ्यावर बसली, सोलापूरच्या उन्हाबद्दल बोलली, आई आतून "हं, हं" म्हणाली. थोड्या वेळानं ती उठून गेली. पुढच्या ईदला चाचीकडून पितळी डब्यातून शिरखुर्मा आला. आईनं तो आम्हाला वाढला, स्वतः घेतला नाही. डबा चिंचेनं घासून लख्ख केला आणि मला म्हणाली, "दिऊन ये." मी झाकण उघडून बघितलं. रिकामा. "आई, निदान साखर तरी घाल." "दिऊन ये म्हनलं न्हवं?" मी गेले. चाचीनं डबा घेतला, सवयीनं झाकण काढलं आणि आत बघत राहिली. त्यानंतर त्या भिंतीतून गाणं आलं नाही, की इकडून गेलं नाही. प्लेयरवर क्रोशाचं विणकाम पडलं आणि त्यावर अण्णांचं गजराचं घड्याळ बसलं. वर्ष-दीड वर्षानं चाचांनी कोंढव्याला जागा घेतली. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा दोघी गॅलरीत समोरासमोर आल्या. आई म्हणाली, "तिकडं पान्याचं कसं हाय?" चाची म्हणाली, "विहीर आहे म्हणतात." एवढंच. इतक्या दुपारी एकमेकींबरोबर काढलेल्या बायका, आणि शेवटी बोलल्या काय, तर पाणी! मला अजून त्याचा संताप येतो.

आई गेल्या दिवाळीआधी गेली, चांगली म्हातारी होऊन. गाणं तिनं पुन्हा लावलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मला गान्यातलं काय कळतंय?" अण्णांचंच वाक्य, पण ती ते खरं मानून म्हणायची. याच वर्षी नातवाच्या त्या जाडजूड तबकड्यांत एक दिवस ती ठुमरी आली. तीच बाई, तोच फोटो, वेष्टन चकचकीत. मी त्याला म्हटलं, मला अशीच एक मागवून दे. मग मी बुधवार पेठेत गेले. चाचांच्या दुकानात आता त्यांचा नातू मोबाइलची कव्हरं विकतो. त्यानं पत्ता सांगितला.

चाची पलंगावर बसली होती. केस सगळे पांढरे, आवाज मात्र तोच. "मंगल? पारूवहिनींची मंगल?" म्हणून माझे दोन्ही हात धरले आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे बघायला लागली. "वहिनी जिन्यात राहिल्या का गं? लिफ्ट बंद आहे आज. त्यांना म्हणावं, सावकाश चढा."

मला सांगावं लागलं. तिनं माझे हात सोडले. मी तबकडी पुढे केली, तर तिनं बघितलीही नाही, "ठेव तिकडे," म्हणाली. सुनेनं चहा आणला. मग माझ्यानं राहवेना आणि मी सगळं बोलून टाकलं, पडदा, गाठोडं, तिचं हसणं, आई कशी माघारी फिरली ते. चाचीनं कप खाली ठेवला.

"रिकामा डबा आला तेव्हा कळलं, वहिनी रागावल्यात," ती म्हणाली. "पण कशावर, ते नाही कळलं. मला वाटलं, आपल्याच घरातून काही बोललं गेलं असेल. विचारायची हिंमत झाली नाही. हसले होते गं मी. खूप हसले होते. अब्बांच्या रेकॉर्डी गेल्या, त्याचं रडू मला नंतर आलं. पण माझ्या माहेरावरचे कावळे हाकलत कुणी भर उन्हात काठी घेऊन बसलंय... माझ्या सख्ख्या बहिणीनं केलं नसतं. मला इतकं भरून आलं आणि हसूच फुटलं. म्हटलं, आता येतील वहिनी, मग दोघी मिळून हसू. मी तसंच हसत उठले आणि दोघींच्या चहाचं आधण ठेवलं. तेवढ्यात पडदा हलला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"बघते, तर तू आलीस," ती म्हणाली. "आजही तूच आलीस."